पोरगं बिघडतं ते गल्लीमुळं की स्वतःच्या गुणांनी? शिकागोचा नकाशा आणि आपलं बेळगाव

मागवाला, खासबाग
क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांनी शिकागोत बालन्यायालयापुढं आलेल्या पोरांचे पत्ते काढून नकाशावर टिंबं मारली. 1900 पासून पुढची तीसेक वर्षं धरली आणि 1942 ला सगळं पुस्तकरूपानं छापलं. दर वेळी टिंबांची गर्दी त्याच वस्त्यांत: कारखान्यांना चिकटलेल्या, पडक्या भाड्याच्या घरांच्या. मधल्या काळात तिथले जर्मन, आयरिश निघून गेले, इटालियन आणि पोलिश राहायला आले. माणसं बदलली तरी गुन्ह्याचं प्रमाण हललं नाही.

आपल्याकडं पोराच्या खिशात गांजाची पुडी सापडली की आधी आडनाव विचारतात, मग गल्ली, आणि निकाल तिथंच. 'त्यांच्या रक्तातच हाय.' मागावर मजुरी नगावर मिळते. सूत आलं नाही की माग बंद, मजुरी बंद. किराणावाला उधारी थांबवतो, आणि नेमका तेव्हाच पुडीवाला 'राहू दे, नंतर दे' म्हणतो. याला रक्त काय करणार?

वडगावची वहिनी
दादा, आमच्या घरी दोघे भाऊ एकाच मागावर वाढले. थोरले दीर आजही पान खात नाहीत. धाकट्यानं माझी डोरल्याची वाटी विकून पिली. गल्ली तीच, सूत तेच, मजुरी तीच. तुमचा नकाशा मला यातलं काय सांगतो? पिणाऱ्याला तेवढं सांगू नका हे, त्याला निमित्तच पाहिजे असतं. आमच्याकडं तर 'काम नाही' हे कारण काम असतानाही चालतं.

काळा कोट, कॅम्प
वहिनींशी सहमत नाही, पण मागवाल्यांशीही नाही. ती टिंबं गुन्ह्यांची नाहीतच, पकडलेल्यांची आहेत. बंगल्यातला मुलगा कोर्टापर्यंत पोचतच नाही, त्याचे वडील फोन करतात. पोलीस जिथं उभा, तिथं टिंब.

अमेरिकेचंच घ्या. 1986 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात 5 ग्रॅम क्रॅकला, म्हणजे कोकेनच्या ओढायच्या खड्यांना, किमान पाच वर्षं शिक्षा, पावडर कोकेनला तेवढ्याच शिक्षेसाठी 500 ग्रॅम लागायचं. माल मुळात एकच. पण क्रॅकच्या खटल्यांत भरडले गेले ते मुख्यतः गरीब काळे. 2010 मध्ये ते प्रमाण 100 ला 1 वरून 18 ला 1 वर आणलं, बरोबरीला नाही. आणि आपण कुणाला हसायचं? बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा 1911 च्या कायद्यानं अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात वसवल्या. 1952 ला कायदा गेला. चोरी झाली की पहिली झडती कुठं होते, ते तुम्हीच सांगा.

खानापूरचा म्हातारा
काय ओ हे, अमेरिका अमेरिका! आमच्याकडं कणकुंबीच्या नाक्यावरनं बघा की जरा. गोवा बनावटीची दारू स्वस्त, म्हणून घाटातनं येते. 2007 ला कर्नाटक सरकारनं सारायी, म्हणजे देशी दारू, बंद केली, म्हणून पिणारं थांबलं व्हय? हातभट्टीवर गेलं नाहीतर बाटलीवर गेलं. किंमत आणि मिळणं, एवढंच कारण हाय त्याला. शास्त्र कशाला पाहिजे गा?

मागवाला, खासबाग
आजोबा, स्वस्त माल सगळ्यांनाच मिळतो. टिळकवाडीतही तोच पोचतो. तिथल्या पोराला मग डॉक्टर मिळतो, आमच्याला फौजदार.

वहिनी, तुमचा प्रश्न खरा आहे. नकाशा वस्तीचं सांगतो, एकेका माणसाचं नाही. तुमच्या दिरांचं उत्तर माझ्याकडं नाही. पण 1997 ला रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच शिकागोत बघितलं की गरिबी सारखीच असली तरी जिथं शेजारी एकमेकांवर विश्वास ठेवतात, दुसऱ्याच्या पोरालाही हटकतात, तिथं मारामाऱ्या कमी. आपल्याकडं हे काम गल्लीचे पंच करायचे. आता पंच गणपतीच्या वर्गणीपुरते उरलेत.

काळा कोट, कॅम्प
पंचांचं जास्त कौतुक नको. ते हटकायचे तेही आडनाव बघूनच.

उद्यमबाग, दुसरी पाळी
फाउंड्रीत भट्टीपुढं आठ तास उभं राहून बघा, मग नशेची गोळी का घेतात ते कळंल. तरी मी घेत नाही. म्हणून माझं मत वहिनींकडं.

वडगावची वहिनी
माझ्याकडं मत नको, भाऊ. मालकाला सांगा, एक पंखा लावा म्हणून.

आणि मागवाले दादा, चंदगडच्या बाजूला, महाराष्ट्रात, निम्म्याहून जास्त बाई मतदारांनी मतदानात आडव्या बाटलीच्या चिन्हाला मत देऊन आडवी बाटली केली की दारूचं दुकान बंद होतं. इकडं आम्ही निवेदनं देऊन फोटो काढून घेतो. पंच पुन्हा बसवायचे म्हणता, तर त्यात बायका किती घेणार, ते आधी सांगा.