अनुभव धागा: नायजेरियातल्या माणसांचं रोजचं बोलणं, आपल्या कानांनी ऐकलेलं

"आम्ही लागोसला होतो" असं महाराष्ट्रात कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "सुरक्षित असतं का हो तिकडे?" मग फसवणुकीच्या ईमेलांचा विषय निघतो, मग अमली पदार्थांच्या बातम्यांचा. वीस कोटींहून जास्त वस्तीचा देश. तिथली माणसं दिवसभर कशावर बोलतात, कशावरून भांडतात, कशाने हळहळतात, हे कुणीच विचारत नाही. मला ते एका जागी जमवायचं आहे. लागोस, कानो, अबुजा, पोर्ट हार्कोर्ट, कुठेही राहिला असाल, किंवा पुण्यात, मुंबईत, गोव्यात तुमचे नायजेरियन शेजारी असतील, तर लिहा. खासगी माणसांची नावं मात्र नकोत.

सुरुवात मी करते. आमच्या चौकात पेपरवाला सकाळी फळीवर पेपर मांडून बसायचा. विकत घेणारे थोडे, उभ्याउभ्या मथळे वाचून वाद घालणारे पुष्कळ. या मंडळींना तिथे 'फ्री रीडर्स असोसिएशन' म्हणतात. बँकेतला शिपाई आणि कोट घातलेला वकील खांद्याला खांदा लावून भांडायचे. 12 जून जवळ आला की विषय एकच: 1993 ची निवडणूक. मोशूद अबिओला जिंकत होते आणि लष्करी राजवटीने ती निवडणूकच रद्द केली. आता तो दिवस तिथला लोकशाही दिन आहे. तेव्हा जन्मही न झालेली पोरं त्या मतमोजणीबद्दल असं बोलायची, जणू केंद्रावर हजर होती. त्या फळीपाशी मला जेवढं नायजेरियाचं राजकारण कळलं, तेवढं टीव्हीवरून कधी कळलं नाही.

इलुपेजू, लागोस. कारखान्यात उत्पादन विभाग.

2023 चे पहिले महिने मी विसरणार नाही. 200, 500 आणि 1000 नायराच्या नोटा बदलल्या आणि नव्या नोटा कुठे मिळेनात. कामगारांच्या खात्यात पगार होता, खिशात बसचं भाडं नव्हतं. पीओएस मशीन घेऊन रस्त्यावर बसणारी मुलं भरमसाट कमिशन कापून रोख द्यायची. आपल्याकडे 2016 मध्ये काय झालं ते मी सांगितलं, तर दहा जण घेराव घालून बसले. "ओगा (साहेब), तुमच्या लोकांनी मग काय केलं? सरकार पडलं का?" नाही पडलं, म्हटल्यावर बराच वेळ त्यावरच चर्चा.

त्यातच 25 फेब्रुवारीला अध्यक्षपदाची निवडणूक. आमच्या शॉपफ्लोरवर टिनुबू, अतिकू आणि ओबी, तिघांचेही लोक. तरुण बहुतेक ओबींचे. लागोस हा टिनुबूंचा बालेकिल्ला, तिथेच ओबी थोड्या मतांनी पुढे गेले, आणि त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला. 18 मार्चच्या गव्हर्नरपदाच्या मतदानाआधी ओबींच्या इग्बो समाजाच्या लोकांना धमक्या येऊ लागल्या: मत आमच्या माणसाला द्या, नाहीतर घरी बसा. आमचा स्टोअरकीपर इग्बो, पण जन्म लागोसचा, योरुबा भाषा घरच्यासारखी बोलणारा. त्या दिवशी त्याच्या बायकोने त्याला उंबरठा ओलांडू दिला नाही. सोमवारी टिनुबूंच्या योरुबा समाजाचा फोरमन स्वतः त्याच्या टेबलापाशी गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुला धमकावणारे माझे कोणी नव्हेत." स्टोअरकीपर म्हणाला, "मग हे तू शनिवारी माझ्या गल्लीत येऊन म्हणायचं होतंस." फोरमन गप्प झाला.

मी लालबागचा. "हे शहर कुणाचं?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या चाळीतल्या उत्तर भारतीय दूधवाल्याची आठवण मला त्या सोमवारी पहिल्यांदा त्याच्या बाजूने आली.

29 मे ला नवे अध्यक्ष टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच पेट्रोलचं अनुदान गेलं असं सांगून टाकलं. काही दिवसांत पेट्रोल दोनशेच्या आतून पाचशे नायराच्या आसपास गेलं. त्यानंतर वाद घालायलाही माणसं कमी उरायची, कारण निम्मी चालत घरी निघालेली असायची.

सध्या छत्रपती संभाजीनगर. आधी ओनित्शा आणि लागोस.

थोडक्यात लिहितो. तिथे रस्त्यावर धावणारी तीनचाकी, म्हणजे केके, आणि ओकाडाच्या, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्या, मोटरसायकली मोठ्या संख्येने बजाजच्या. मी वाळूजचा, त्यामुळे ड्रायव्हरला "हे माझ्या गावाकडचं" म्हटलं की भाड्याची घासाघीस बंद आणि तक्रारी सुरू: क्लच लवकर का जातो, सुटे भाग एवढे महाग का! केकेला लागोसमध्ये 'मारवा' म्हणतात, कारण नव्वदच्या दशकात मारवा नावाच्या लष्करी प्रशासकाच्या काळात ती तिथे आली. लागोसच्या बऱ्याच भागांत ओकाडावर बंदी आली तेव्हा एक ड्रायव्हर मला म्हणाला, "सरकारला गाडी दिसते, गाडीवरचा माणूस दिसत नाही."

अबुजा. रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ. माहेर चंद्रपूर.

मला आरोग्यावर लिहायचं आहे, आणि त्यातही एकाच गोष्टीवर.

नायजेरियात तरुण मुलगा-मुलगी एकमेकांना आवडले की नावागावानंतर लवकरच प्रश्न येतो, "तुझा जीनोटाइप काय?" एए (निरोगी), एएस (वाहक) की एसएस (आजार असलेला). सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा जगातला सगळ्यात मोठा भार या देशावर आहे. दरवर्षी अंदाजे दीड लाख बाळं हा आजार घेऊन जन्मतात, आणि मोठ्या माणसांत साधारण चारांतला एक वाहक असतो. दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक. हे गणित तिथे भाजीवालीलाही येतं. कितीतरी चर्च लग्न लावण्याआधी तपासणीचा कागद मागतात. माझ्या खिडकीपाशी अशी जोडपी यायची. अहवाल हातात पडल्यावर बाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसलेली दोघं मी पाहिली आहेत. काही वेगळी झाली. काही पुन्हा दुसऱ्या प्रयोगशाळेत गेली, निकाल बदलेल या आशेने. आणि त्यावर सगळे मोकळेपणाने बोलायचे: केस विंचरणाऱ्या बायका, टॅक्सीवाले, ऑफिसातली माणसं. "प्रेम मोठं की पोराच्या वेदना?" यावर एका लग्नात मी दोन मावश्यांचं जोराचं भांडण ऐकलं. त्यातल्या एकीने आपला मुलगा या आजारात गमावला होता. ती बोलू लागली तेव्हा दुसरीने तिचा हात धरला.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे आणि तिकडे नंदुरबारलाही हाच आजार आहे. पण आमच्याकडे वाहक असल्याचं लपवतात, विशेषतः मुलीचं, "लग्न मोडेल" म्हणून. 2023 मध्ये आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, कार्डं वाटली जातात, ते चांगलंच आहे. पण कार्ड पेटीत पडून राहिलं तर काय उपयोग? अबुजातली मुलगी जे पहिल्या भेटीत विचारते, ते आमच्या पोरींना विचारता आलं पाहिजे, आणि मुलानेही लाज न बाळगता उत्तर दिलं पाहिजे. हे मी गावी गेले की प्रत्येक घरात सांगते.

वरच्या ताईंना अनुमोदन. (पुणे, पूर्वी लागोस)

माझ्या ड्रायव्हरने मुलीचं स्थळ याच कारणाने मोडलं. तो रडला, पण निर्णय बदलला नाही.

पोर्ट हार्कोर्ट. तेल क्षेत्रात अभियंता.

बॉलवर, म्हणजे फुटबॉलवर, कुणी लिहिलं नाही अजून? मग ऐका.

तिथे मॅच बघायला व्ह्यूइंग सेंटर असतं. पत्र्याची शेड, बाकडी, दोन-तीन स्क्रीन, बाहेर जनरेटर, दारात पैसे घेणारा. आर्सेनल, चेल्सी, मँचेस्टर युनायटेड ही तिथे घराणी आहेत. पण राष्ट्रीय संघाची मॅच असली की सगळे एक. 7 फेब्रुवारी 2024, आफ्रिका चषकाची उपांत्य फेरी, समोर दक्षिण आफ्रिका. नायजेरिया 1-0 पुढे, ओसिमेनने दुसरा गोल केला, शेडमध्ये नाच सुरू झाला. आणि पंचांनी व्हिडिओ पाहून तो गोल रद्द केला, वर त्याआधीच्या चुकीसाठी पेनल्टी समोरच्यांना दिली. 1-1. एका क्षणात एवढी मोठी शेड मुकी झालेली मी त्याआधी पाहिली नव्हती. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये आमचा गोलरक्षक न्वाबालीने दोन अडवल्या आणि संघ जिंकला. दुसऱ्या दिवशी पेपरात होतं, मॅच बघता बघता काही जण कोसळून वारले. त्यावर चर्चा उसळली ती रक्तदाबाची! पोटापाण्याच्या काळजीने आधीच ताणलेली माणसं, तपासणी कधी केलेली नाही, हे पत्र्याच्या शेडमध्ये मेकॅनिक लोक बोलत होते. अंतिम सामना आयव्हरी कोस्टने 2-1 जिंकला. मग नायजेरियाच्या इवोबीला लोकांनी एवढ्या शिव्या घातल्या की त्याने इन्स्टाग्रामवरचे फोटो काढून टाकले, आणि लगेच दुसरा गट त्याच्या बाजूने उभा राहिला.

पण मला खरी आठवण सांगायची आहे ती 2025 च्या जुलैची. 26 तारखेला रबातमध्ये आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात महिला संघ मोरोक्कोविरुद्ध 2-0 मागे होता. तिथून 3-2 जिंकला, दहावं विजेतेपद! पोरी खेळल्याच तशा. दोन दिवसांनी अध्यक्षांनी प्रत्येक खेळाडूला एक लाख डॉलर, एक फ्लॅट आणि राष्ट्रीय सन्मान जाहीर केला. आणि 30 तारखेला देशभरच्या सरकारी नर्स इशारा-संपावर गेल्या. पगार, भत्ते, मनुष्यबळ, जुन्याच मागण्या.

आता शेडमधला वाद कसा पेटला असेल! आमच्या गेटवरच्या रखवालदाराची बायको नर्स. ती दारात उभी राहून म्हणाली, "या पोरींनी मला रडवलं, त्यांना दहा फ्लॅट द्या. पण रात्री तुमच्या बायका बाळंत होतात तेव्हा मोबाइलच्या उजेडात नाळ मी कापते." एक म्हातारा म्हणाला, या पोरींचेही भत्ते कितीदा थकवलेत, त्यांनीही धरणी केलीत, त्यांच्यावर राग काढू नका. तिने ते लगेच मान्य केलं. भांडण पोरींशी नव्हतंच, तिजोरीची किल्ली कुणाच्या हातात यावरून होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला महिला बास्केटबॉल संघाने सलग पाचव्यांदा आफ्रिकेचं विजेतेपद मिळवलं, त्यांनाही तेवढंच बक्षीस मिळालं, आणि वाद पहिल्यापासून पुन्हा. मला त्या शेडचा अभिमान वाटतो. खेळाडूंचा आनंद आणि नर्सचा हक्क, दोन्ही एकाच बाकावर बसून तोलणारी माणसं होती ती.

मुंबई. औषध निर्यात. लागोसला नेहमीचं जाणं-येणं.

इडुमोटाच्या औषध बाजारात माझं काम असायचं. तिथे औषधाच्या खोक्यावर गिऱ्हाईक आधी नाफडॅकचा, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेचा, नोंदणी क्रमांक बघतं. काही औषधांवर खरवडायचा कोड असतो, तो एसएमएस केला की खरं-खोटं कळतं. क्रमांक बघायची सवय लावण्यात डोरा अकुन्यिली यांचा मोठा वाटा. त्यांची मधुमेही बहीण बनावट इन्सुलिनमुळे गेली होती. 2001 मध्ये त्या नाफडॅकच्या प्रमुख झाल्या आणि बनावट औषधांच्या धंद्यावर तुटून पडल्या. 2003 मध्ये त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला, गोळी डोक्यावरचं वस्त्र भेदून गेली. बाजारातले वयस्क दुकानदार आजही त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणतात.

बनावट आणि नशेच्या मालात आपल्या देशातून गेलेला मालही होता. 2025 च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यातल्या कारखान्यातून पश्चिम आफ्रिकेत जाणाऱ्या व्यसनाच्या गोळ्यांचं प्रकरण उघडकीला आलं, आणि आपल्या सरकारने त्या मिश्रणाचं उत्पादन व निर्यात बंद केली. त्यानंतर एका जुन्या गिऱ्हाइकाने मला विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे नायजेरियन म्हटलं की ड्रग्ज म्हणता ना? मग आमच्या पोरांना या गोळ्या कोण पाठवतं?" हा प्रश्न मी इथे जसाच्या तसा ठेवतो. ज्यांनी ज्यांनी वर 'सुरक्षित आहे का' विचारणारे नातेवाईक पाहिलेत, त्यांनी तो पुढे सांगावा.

म्हापसा, गोवा.

वरच्या प्रश्नाला जोडून. 2013 मध्ये पर्वरीला नायजेरियन लोकांनी महामार्ग अडवला तेव्हा आमच्याकडे एका मंत्र्याने त्यांना कर्करोग म्हटलं होतं. माझ्या ओळखीचा एक नायजेरियन तेव्हा मला एवढंच म्हणाला, "खून आमच्या माणसाचा झाला होता." 

कानो. बोअरवेलचं काम. मूळ सांगली जिल्हा.

उत्तरेची गोष्ट वेगळी. संध्याकाळी घराबाहेर चटया टाकून पुरुष बसतात, चहा फिरतो, रेडिओवर हौसा भाषेतल्या बातम्या चालतात. हिंदी सिनेमावर तिथल्या वयस्क माणसांचं प्रेम विचारूच नका, शब्द न कळता गाणी म्हणतात.

पण मला पोलिओबद्दल लिहायचं आहे. 2003 मध्ये, लसीने मुलं होत नाहीत अशा अफवेवरून, कानोत लसीकरण थांबवलं गेलं होतं. बाहेरचा माणूस म्हणतो, अडाणी लोक. चटईवर बसलात तर दुसरी बाजू कळते. 1996 मध्ये तिथे मेंदूज्वराची मोठी साथ होती, आणि एका अमेरिकी कंपनीने त्या आजारी मुलांवर आपल्या नव्या औषधाची चाचणी केली होती. मुलं दगावली, खटले वर्षानुवर्षं चालले. "तेव्हाही गोरे लोक औषधच घेऊन आले होते," हे वाक्य मी कितीदा ऐकलं! अफवेला पोसणारं खरं दुःख असं मागे होतं. 2013 मध्ये लस पाजणाऱ्या नऊ बायकांना कानोत गोळ्या घातल्या. त्यानंतरही बायका पेट्या घेऊन दारोदार फिरल्या. 2020 च्या ऑगस्टमध्ये आफ्रिका खंड पोलिओच्या मूळ (वाइल्ड) विषाणूपासून मुक्त जाहीर झाला. त्या बायकांचे पुतळे व्हायला हवेत.

लागोस, सध्या ठाणे.

2014, इबोला. 20 जुलैला लायबेरियाहून आलेला रुग्ण लागोसमध्ये उतरला. त्याला सोडा म्हणून दबाव येत असताना डॉ. स्टेला अमेयो अडाडेवोह यांनी रुग्णालयातून जाऊ दिलं नाही. त्यांना स्वतःला लागण झाली, 19 ऑगस्टला त्या गेल्या. देशात 20 रुग्ण, 8 मृत्यू, आणि 20 ऑक्टोबरला साथ संपल्याची घोषणा. दीड-दोन कोटींच्या शहरात!

मधल्या काळात एका पहाटे शेजारच्या मॅडमचा फोन: "मुलांना मिठाच्या पाण्याने आंघोळ घाला, उजाडायच्या आत." इबोला टळावा म्हणून सबंध शहर तो निरोप एकमेकांना देत होतं. मीठ-पाणी पिऊन काही जण दगावलेही. आम्ही केलं नाही, पण त्या बाईंना आमच्या पोरांची आठवण झाली होती हेही खरं.

नवीन सदस्य, नाशिक.

यजमानांची लागोसला बदली झाली आहे. आरोग्याचं काय बघावं?

वरच्याच, ठाणे.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या. ती जन्मभर चालते, पण पिवळं कार्ड जपून ठेवा, परत येताना आपल्या विमानतळावर ते मागतात. मच्छरदाणी न्या. ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करा, अंदाजाने गोळ्या घेऊ नका. सुट्टीवर नाशिकला आलात आणि ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की नायजेरियाहून आलो आहोत. तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम असतो, उशीर परवडत नाही. बाकी काही लागलं तर इथेच विचारा.