मदत हवी आहे: हर्नियाच्या ऑपरेशननंतर घरी गेलेल्या पेशंटच्या जखमांचा हिशोब कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी. मी ऑपरेशन थिएटरची (ओटीची) इन्चार्ज सिस्टर. आमच्याकडे हर्नियाची ऑपरेशन्स बरीच होतात, बहुतेक पोटाच्या कमकुवत भागाला आधार द्यायला आत जाळी बसवून. मधूनच एखादा पेशंट जखमेतून पू येतो म्हणून परत येतो. संसर्ग वरवरचा असेल तर ड्रेसिंग आणि औषधांवर निभावतं. जाळीपर्यंत पोचला तर कधीकधी जाळीच काढावी लागते आणि हर्निया पुन्हा होण्याची भीती राहते. पेशंटचे हे हाल थांबवायचेच, असं आम्ही काहीजणांनी मनावर घेतलंय.

जुन्या फाइली चाळल्या तेव्हा कळलं की वॉर्डात आदल्या रात्रीच ब्लेडने केस काढतात. ब्लेडमुळे त्वचेला बारीक चिरा पडतात आणि तिथे जंतू वाढतात. केस आड येत नसतील तर काढूच नयेत, काढायचे तर क्लिपरने (केस कापायच्या मशीनने), हे डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) २०१६च्या सूचनांत स्पष्ट आहे. शिवाय संसर्ग टाळायला द्यायचं सेफाझोलिन हे अँटिबायोटिक इंजेक्शन छेद घेण्याआधीच्या तासाभरात जायला हवं. आमच्याकडे ते वॉर्डातच देत, आणि ऑपरेशन्सची लिस्ट लांबली की त्याचा उपयोग कमी होई. वर ऑपरेशननंतर कितीतरी दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू! तसं लांबवू नका, असंही डब्ल्यूएचओ सांगते.

आता क्लिपर आलेत, इंजेक्शन ओटीत भूलतज्ज्ञ देतात आणि टाइम-आउटला, म्हणजे छेद घेण्याआधी सगळे थांबून तपासणी करतात तेव्हा, त्याची वेळ मोठ्याने सांगतात. अडलंय ते मोजण्यावर. पेशंट लवकर घरी जातो, संसर्ग दिसतो नंतर. रजिस्टरमधल्या 'संसर्ग शून्य' या नोंदीवर माझा विश्वास नाही. माणसं कमी असताना हा हिशोब कसा ठेवता? आणि महिन्याला केसेस थोड्याच असतील तर सुधारणा झाली हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १:
सिस्टर, इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघतो म्हणून सांगतो. ३० दिवसांनी फोन कराच, आणि खोल संसर्गासाठी ९० दिवसांनी पुन्हा. "जखम बरी आहे ना?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. पू आला का, टाके उघडावे लागले का, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात का, असं एकेक विचारा. फोन लागला नाही त्यांना "संसर्ग नाही" मध्ये धरू नका. नीट शोधायला लागलात की आकडा आधी वाढेल, हे सर्जनना आजच सांगून ठेवा, नाहीतर काम तिथेच बंद पडतं. केसेस थोड्या असल्या तर महिन्याची टक्केवारी फसवते. एका संसर्गापासून पुढच्या संसर्गापर्यंत किती ऑपरेशन्स झाली ते तक्त्यावर मांडा. इंजेक्शन वेळेत गेलं का, हे मात्र प्रत्येक केसला नोंदवा, ते लगेच सुधारताना दिसतं.

धागाकर्ती:
खूप आभार, सर. हर्नियानंतर नुसतं पाणीही साचतं, तो संसर्ग नव्हे. फोनवर हा फरक कसा करता?

प्रतिसाद १:
फोनवर ठरवूच नका. सूज, लाली, ताप किंवा स्राव, काहीही सांगितलं की बोलावून सर्जनना दाखवा आणि त्यांचं निदान नोंदवा. साचलेल्या पाण्यात उगाच सुई घालू देऊ नका, जंतू आत जायचा तोही एक रस्ता आहे.