सोलर वॉटर हीटरच्या फिटिंगला १९ हजार! द्यावेत, की गावातल्या प्लंबरकडून बसवून घ्यावं?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचं कौलारू घर. खाणारी-आंघोळ करणारी सहा माणसं. गेल्या वर्षी जुनं न्हाणीघर पाडून स्लॅबचं बाथरूम बांधलं, आणि तेव्हापासून घरात एकच वाद: पाणी कशावर तापवायचं?

सध्या परसात तांब्याचा बंब आहे. काजूची वाळकी फाटी, नारळाची सोडणं, शेणी, सगळं घरचंच. पैशाच्या दृष्टीनं फुकट. पण पहाटे साडेपाचला उठून धूर खाते ती आई, आणि हल्ली तिला खोकला सुटत नाही. पावसात लाकडं ओली, मग तर विचारूच नका.

बेळगावच्या एका दुकानातून २०० लिटर सोलरचं कोटेशन आणलं. काचेच्या नळ्यांचं मशीन २८ हजार, फिटिंग १९ हजार. त्यात लोखंडी स्टँड, सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा) पाइप, पाइपावरचं फोमचं वेष्टण आणि मजुरी. आमचा प्लंबर म्हणतो, ८ हजारांत करतो, वेष्टण-बिष्टण काही लागत नाही. दुकानदार म्हणतो, दुसऱ्यानं हात लावला तर वॉरंटी गेली. आबा म्हणतात, "पाणी तापवायला सत्तेचाळीस हजार? तूप कढवूलास काय?"

साधा गीझर घ्यावा तर माझा हिशोब असा. माणशी २० लिटर धरून १२० लिटर पाणी २० अंशांवरून ४२ पर्यंत न्यायला रोज ३ युनिटच्या वर लागतात, महिन्याला ९२-९५. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, आमची २०२२-२३ ची महिन्याची सरासरी ८५ युनिट, वर १० टक्के, म्हणजे ९३ पर्यंत मोफत. आताच वापर शंभरावर गेलाय. गीझर लावला की दोनशेच्या काठावर, आणि दोनशे ओलांडले की पूर्ण बिल आपल्या गळ्यात. भाचा म्हणतो, गॅस गीझर घे, स्वस्त पडतो.

बोअरचं पाणी जड आहे. जून ते सप्टेंबर आमच्याकडं ऊन म्हणजे पाहुणाच. तर फिटिंगमध्ये नेमकं कुठं वाचवता येईल? ज्यांनी बसवलंय त्यांनी सांगा.

शहापूरकर: काचेच्या नळ्या घेताय ते बरं, जड पाण्याला तांब्याच्या नळ्यांपेक्षा त्या कमी त्रास देतात. पण वेष्टण सोडू नका. माझ्याकडं गच्ची ते बाथरूम ४० फूट पाइप आहे. पाऊण इंची पाइपात तीनेक लिटर पाणी अडकतं, पहाटे ते गार झालेलं आधी ओतून द्यावं लागतं. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं! जमल्यास मशीन बाथरूमच्या स्लॅबवरच बसवा, पाइप आपोआप कमी. आणि गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच पाहिजे, नाहीतर पाणी चढणारच नाही. कोटेशनात तुमच्या टाकीचं स्टँड धरलंय काय?

वडगावचा_वायरमन: गॅस गीझर बंद बाथरूमात अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस चक्कर येऊन आतच पडतो. घ्यायचाच तर गीझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेर, फक्त पाइप आत. पावसाळ्यासाठी सोलरच्या टाकीत पाणी तापवणारी विजेची कॉइल बसवतात, तिला वेगळा एमसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग हवंच. हे काम प्लंबरला देऊ नका.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. आज शिडी लावून मोजलं. आमच्या काळ्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या साधारण बरोबरीला येतोय, म्हणजे आणखी चार फुटांचं स्टँड आलं. कोटेशनात ते नाहीच! दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "ते तुमचं तुम्ही बघायचं."

मग आता असं ठरवतोय: मशीन आणि पाइप दुकानाकडून, दोन्ही स्टँड खानापुरात वेल्डिंगवाल्याकडं. त्यानं वॉरंटी जाणार नाही हे बिलावर लिहून मागतो. कॉइल फक्त पावसाळ्यात. बंब काढायचा नाही, असं आबांनी जाहीर केलंय, ते राहू दे. चार फुटी स्टँडला अँगल किती जाडीचा घ्यावा? टाकी हजार लिटरची आहे, आणि आमच्याकडं वारा जोराचा.