दोघंही दिव्यांग, नोंदणी लग्नाला पालकांची सही लागते का?

सक्करदरा_नागपूर
मुलगा 31 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी. समज चांगली, पण बोलणं नवख्या माणसाला कळत नाही. मुलगी 27 ची, व्हीलचेअरवर. 'पालकांची सही अन् डॉक्टरचा फिटनेस दाखला आणा' असं सांगून राहिले. खरंच लागतं का? कार्यालय वरच्या मजल्यावर असलं तर काय करायचं?

वकील_सिव्हिललाइन्स
दोन्ही लागत नाही. विशेष विवाह कायदा, 1954 च्या कलम 4 मध्ये संमती देण्याची क्षमता पाहतात. सेरेब्रल पाल्सीत हातापायाच्या हालचाली आणि उच्चार अडतात. म्हणून माणूस संमती द्यायला असमर्थ ठरत नाही. (अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, नसावा ही अटसुद्धा 1999 मध्येच काढून टाकली, तरी लोक अजून ती सांगतात.) दाखला आपणहून जोडू नका. न मागता दिलेला कागदच पुढे शंकेचं कारण होतो. 'लागतो' म्हणाले तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा.

दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहत असला पाहिजे. लग्न करणार असल्याची नोटीस विवाह अधिकाऱ्याला द्यायची, त्यानंतर 30 दिवस थांबायचं आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. मुदत टळली की पुन्हा नोटीस. साक्षीदार तीन, ते आईवडीलच हवेत असं नाही.

कलम 12 प्रमाणे एकमेकांना वरल्याचं वाक्य दोघांना समजेल त्या कोणत्याही भाषेत चालतं. दिव्यांग हक्क कायदा, 2016 खुणा, लेखन, सांकेतिक भाषा हे सगळं संवादच मानतो. मुलगा टॅबवर टाइप करत असेल तर ते वाक्य आधी भरून ठेवा, पण अधिकाऱ्याच्या प्रश्नांची उत्तरं त्यानं तिथंच, समोर टाइप करावीत. आईनं त्याच्या वतीनं बोलू नये. बोलणं सवयीच्या माणसानं उलगडून सांगायचं असेल तर तो नात्यातला नसलेला बरा. सही दरवेळी वेगळी उमटत असेल तर पहिल्या नोटिशीपासून अंगठाच द्या.

चाकखुर्ची
वरच्या मजल्याचं उत्तरही कलम 12 मध्येच आहे. कार्यालयापासून वाजवी अंतरावर, जादा फी भरून, दुसऱ्या जागी लग्न लावता येतं. नोटिशीसोबतच अर्ज द्या, प्रतीवर आवक क्रमांक घ्या. 'चौघं मिळून खुर्ची उचलू' याला साफ नाही म्हणा. जिन्याच्या वळणावर तोल जातो, आणि बॅटरीवालीचं वजन कुणालाच पेलत नाही. नकार मिळाला तर 2016 च्या कायद्यातल्या कलम 23 खालच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, त्यापुढे पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे.

हॉल बघायला जाताना टेप न्या. स्टेजला 15 सेंमीच्या तीन पायऱ्या, म्हणजे चढ 45 सेंमी. 1:12 उतारानं रॅम्प 5.4 मीटर लागतो. मंडपवाले दीड मीटरची फळी टेकवतात, खुर्ची मागं उलटते. दार 90 सेंमी हवं. वॉशरूमचं हमखास कमी निघतं. मे महिन्यात उघड्यावर पत्र्याचा रॅम्प नको. नागपूरच्या उन्हात पत्राही तापतो, अन् खुर्चीच्या चाकाच्या कड्यालाही हात लागत नाही.

सक्करदरा_नागपूर
मुलीच्या काकांनी हरकत घेतली तर?

वकील_सिव्हिललाइन्स
घेऊ द्या. हरकत फक्त कलम 4 च्या अटींवर चालते. 'आम्हाला पसंत नाही' किंवा 'यांचं कोण करणार' ही हरकत नव्हे. चौकशी 30 दिवसांत उरकावी लागते. हरकत मान्य झाली तर 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. हरकत अवाजवी ठरली तर घेणाऱ्याकडून 1000 रुपयांपर्यंत भरपाई निघते.

समाजकल्याण_माहिती
एक राहिलं. 2014 ची 50 हजारांची प्रोत्साहन योजना दिव्यांग-अव्यांग जोडप्यांसाठी होती, 40 टक्के दिव्यांगत्वाच्या अटीवर. दोघंही दिव्यांग असलेलं जोडपं तिच्यात बसत नव्हतं. व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी पत्रकं धरू नका, जिल्हा परिषदेत चालू शासन निर्णयाची प्रत मागून मगच अर्ज भरा.