आर्किलोखसचा 'मी' खरा की सोंग?

जुनीवही:
महिनाभर आर्किलोखस वाचतेय, इंग्रजी अनुवादातून. इ.स.पू. सातव्या शतकातला, पारोस बेटावरचा कवी. लिकांबीसने मुलगी द्यायचा शब्द दिला नि फिरवला, मग याने कवितांतून अशी बदनामी केली की बापलेकींनी गळफास घेतला, अशी कथा आहे. एका तुकड्यात तो म्हणतो: 'लिकांबीसबाबा, हे काय डोक्यात घेतलंत? तुमची बुद्धी कोणी फिरवली?' आणि पुढे, गावात हसं झालंय तुमचं. त्या 'बाबा'वर मी चार दिवस अडकलेय. होऊ घातलेल्या सासऱ्याला अशी हाक, ज्याचं लग्न मोडलं त्यालाच सुचेल. पण प्रस्तावनेत म्हटलंय, हा 'मी' सोंगही असेल. मला पटत नाही. जाणकारांनी सांगावं.

पारंबी:
ताई, आर्किलोखसची 'गीगीसच्या सोन्याचं मला काय' ही ओळ उघडून बघा (गीगीस म्हणजे लिडियाचा श्रीमंत राजा). सुटी वाचली तर कवीच बोलतोय असं वाटतं. पण अ‍ॅरिस्टॉटल 'ऱ्हेटोरिक' या वक्तृत्वावरच्या ग्रंथात सांगतो, हे बोल खारोन नावाच्या सुताराचे. जे आपल्या तोंडी शोभत नाही ते दुसऱ्याच्या तोंडी घालावं, याचं उदाहरण म्हणून तो ते देतो. झ्यूसने भरदुपारी रात्र केली, ती ग्रहणाची कविताही मुलीबद्दल बोलणाऱ्या बापाची. आपल्या हाती चार ओळी उरल्यात, बोलणाऱ्याचं नाव गेलं की आपण तिथे कवीला बसवतो. शिवाय 'लिकांबीस' या नावातच 'इयांबोस'सारखा (म्हणजे ग्रीकांची टवाळीची कविता) आवाज आहे, त्यामुळे ते अशा कवितेतलं ठरलेलं पात्र असावं असं ग्रीक कवितेचा अभ्यासक मार्टिन वेस्टने मांडलं. मला ते बरंचसं पटतं. आणि वडीलधाऱ्याला 'बाबा' म्हणायची रीत होमरमध्येही आहे.

शिंपले:
सगळंच सोंग मानू नका. आर्किलोखस कवितांत ज्याला नावाने हाक मारतो तो ग्लाउकोस, लेप्तिनेसचा मुलगा, खरा होता. थासोस या ग्रीक बेटावरच्या जुन्या चौकात त्याचं स्मारक सापडलंय. त्यावर दगडच बोलतो: 'मी लेप्तिनेसच्या ग्लाउकोसचं स्मारक. मला ब्रेंतेसच्या मुलांनी उभारलं.'

जुनीवही:
शिंपले, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे ऐकणारा खरा, आणि बोलणाऱ्याचं मात्र ठरत नाही! पारंबी, सुताराची ओळ परत वाचली. आता त्यात रंधा मारणारा माणूस दिसतो, आणि सोनं नको म्हणणं जास्त खरं वाटतं. 'बाबा'वरचा हक्क मात्र अजून सुटत नाहीये. ग्लाउकोसला उद्देशून असलेले तुकडे आज वेगळे काढते.