ऑर्लँडोची सहल आणि खंड्याची सोय: सोबत न्यावे की अटलांटातच ठेवावे?

नीला, अटलांटा

नमस्कार मंडळी,

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही अटलांटाहून गाडीने ऑर्लँडोला जाणार आहोत. मी, यजमान, दोन मुले आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई असे पाच जण आहोत. तिथल्या मनोरंजन पार्कांपैकी चार दिवस डिस्ने वर्ल्ड आणि एक दिवस युनिव्हर्सल असा बेत असून तिकिटे काढून झाली आहेत. प्रश्न उरला आहे तो खंड्याचा.

खंड्या आमचा सात वर्षांचा गावठी कुत्रा आहे. कोथरूडला आईच्या सोसायटीच्या जिन्याखाली तो पिल्लू असताना सापडला. पहिले वर्ष आईनेच त्याला वाढवले आणि 2019 साली मी त्याला इकडे आणले. इतक्या वर्षांत तो अनोळखी जागी एकही रात्र राहिलेला नाही. आम्ही बाहेरगावी गेलो की शेजारचे मराठी कुटुंब त्याला सांभाळत असे, पण ते आता डॅलसला राहायला गेले.

यजमानांचे म्हणणे असे की त्याला घराजवळच्या केनेलमध्ये, म्हणजे पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्या ठिकाणी, ठेवावे, म्हणजे काही झाले तरी नेहमीचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतील. आई म्हणते की डिस्नेच्या आवारातच कुत्र्यांची सोय असेल तर त्याला बरोबर घेऊन जाऊ आणि रोज संध्याकाळी भेटून येऊ. इतक्या वर्षांनी तो आपल्याला भेटला आणि थोड्याच आठवड्यांत आपणच त्याला परक्यांकडे टाकून फिरायला निघालो, हे तिच्या मनाला पटत नाही, आणि तिचे चुकते आहे असे मलाही म्हणवत नाही.

माझी खरी भीती गडगडाटाची आहे. ढग वाजू लागले की खंड्या न्हाणीघरात टब आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत शिरतो, कान मागे पाडून थरथरत बसतो आणि आकाश शांत झाल्यावरही अर्धा अर्धा तास बाहेर येत नाही. खाण्याचेही त्याचे ठरलेले आहे: सकाळी कोरडे खाणे आणि रात्री थोडा दहीभात. आमच्या हातात अजून सहा आठवडे आहेत. ज्यांनी पार्कजवळ कुत्रा ठेवला आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर सांगितला तर फार मदत होईल.

शार्लटकर

नीलाताई, आम्ही आमच्या लॅब्रॅडॉरला दोन वेळा डिस्नेच्या आवारात ठेवले आहे, म्हणून लिहितो. पूर्वी डिस्ने वर्ल्डमध्ये पार्कांच्या प्रवेशद्वारांपाशीच केनेल असत. 2010 साली बॉनेट क्रीक पार्कवेवर, पोर्ट ऑर्लीन्स रिसॉर्टच्या समोर, बेस्ट फ्रेंड्स या कंपनीचे मोठे केंद्र सुरू झाले आणि ते जुने केनेल बंद झाले. तिथे कुत्री आणि मांजरे दिवसापुरती किंवा रात्रीसाठीही ठेवता येतात. डिस्नेच्या रिसॉर्टमध्ये उतरणाऱ्यांना दर थोडा कमी पडतो. नोंदणी आधी करावी लागते आणि लसींचे कागद दाखवल्याशिवाय घेत नाहीत. जागा स्वच्छ होती आणि आमचा कुत्रा दोन्ही वेळा मजेत राहिला. अर्थात तो कुणाच्याही मागे शेपटी हलवत जाणारा आहे, खंड्याचा स्वभाव तसा दिसत नाही.

रोज संध्याकाळी भेटायला जाण्याची कल्पना ऐकायला जितकी सोपी वाटते तितकी ती नाही. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कला स्वतःच्या गाडीने गेलात तर गाडी पार्कच्या दाराशी लागत नाही. ती तळ्याच्या अलीकडे लावून मोनोरेलने किंवा बोटीने पुढे जावे लागते. परतताना तीच रांग, तोच प्रवास, मग पार्किंगमधली पायपीट आणि त्यानंतर बॉनेट क्रीक. जाऊन येऊन आमचा दीड तास सहज जात असे. मुले दमलेली असताना आम्ही ते दोनच दिवस केले. आणखी एक गोष्ट मनाला लागली. भेटून निघताना तो दरवाज्यापर्यंत यायचा आणि आपल्यालाही घरी नेणार असे समजून पट्ट्यासाठी मान पुढे करायचा. मोकळ्या स्वभावाच्या कुत्र्याचे हे होते, तर भित्र्या कुत्र्याला रोज नव्याने ताटातूट सोसावी लागेल, याचा विचार आपण आणि आपल्या आईंनी अवश्य करावा.

युनिव्हर्सलचे केनेल फक्त दिवसापुरते असते. तिथे रात्री ठेवत नाहीत आणि मधूनमधून कुत्र्याला फिरवून आणायला मालकालाच यावे लागते. बॉनेट क्रीकला ठेवलेच तर त्या एका दिवसासाठी त्याला तिकडे हलवू नका.

मृदुला, ओहायो

कुत्र्याला रिसॉर्टच्या खोलीतच ठेवता येईल असे कुणी सुचवण्याआधी सांगते. ऑक्टोबर 2017 मध्ये डिस्नेने आर्ट ऑफ ॲनिमेशन, पोर्ट ऑर्लीन्स रिव्हरसाइड, यॉट क्लब आणि फोर्ट विल्डरनेसची केबिन्स या आपल्या रिसॉर्टमध्ये वेगळे शुल्क घेऊन कुत्र्यांना परवानगी द्यायला सुरुवात केली. पण खोलीत कुत्रा एकटा सोडून पार्कात गेलात आणि तो रडू किंवा भुंकू लागला तर फोन येतो, आणि अर्ध्या तासाच्या आत आपण परत येणे अपेक्षित असते. मॅजिक किंगडममधून ते जमत नाही. पार्कांच्या आत फक्त प्रशिक्षित सेवाश्वानांना, म्हणजे अपंग व्यक्तींना मदत करायला शिकवलेल्या कुत्र्यांना, प्रवेश आहे. मानसिक आधारासाठी पाळलेला कुत्रा त्यात मोडत नाही.

टांपावासी

मी टांपात प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. दर उन्हाळ्यात अशा सहलींनंतर आजारी पडलेली कुत्री आमच्याकडे येतात, म्हणून थोडे लांबलचक लिहिते आहे, कृपया पूर्ण वाचा.

पहिली गोष्ट लसींची, कारण तिला वेळ लागतो आणि लोक ती शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. केनेल कफ, म्हणजे अनेक कुत्री एकत्र राहिली की पसरणारा कोरडा, घशात काही अडकल्यासारखा खोकला, त्यासाठी बोर्डेटेला या जिवाणूवरची लस असते. नाकात थेंब टाकून दिलेली लस एका डोसमध्ये आणि काही दिवसांतच काम करू लागते. तीच इंजेक्शनने प्रथमच द्यायची असेल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. कुत्र्यांच्या फ्लूच्या लसीचेही तसेच आहे, दोन डोस आणि मध्ये दोन ते चार आठवडे. हा फ्लू म्हणजे केवळ कागदावरचे संकट नाही. 2004 साली तो आमच्या फ्लोरिडातच शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये प्रथम ओळखला गेला, 2015 साली शिकागोत दुसऱ्या प्रकारच्या विषाणूची मोठी साथ आली आणि 2017 साली तो विषाणूही इकडे पोचला. आपल्या हातात सहा आठवडे आहेत, म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांना भेटून पहिला डोस द्या. रेबीजची लस चालू आहे ना, आणि त्याचा इथल्या डॉक्टरांनी दिलेला दाखला हाताशी आहे ना, तेही पाहून घ्या.

दुसरी गोष्ट खाण्याची. परक्या जागेच्या ताणात खाणेही बदलले की पोट बिघडते आणि हगवण लागते, हे आम्ही इतक्या वेळा पाहतो की मोजदाद राहिलेली नाही. खंड्याचे कोरडे खाणे रोजच्या मापाच्या वेगवेगळ्या पिशव्यांत भरून द्या. दहीभातासाठी फ्रिज वापरू देतात का ते विचारा, आणि देत नसतील तर आतापासूनच रात्रीच्या भाताचे प्रमाण हळूहळू कमी करत जा.

गडगडाटाबद्दल मात्र जागा बदलून सुटका नाही. मध्य फ्लोरिडात जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुपारी वादळी पाऊस येणे हे रोजचेच असते, रात्री पार्कांची आतषबाजी असते, आणि अटलांटातही जुलैत ढग कमी वाजत नाहीत. तेव्हा केनेल पार्कपासून किती जवळ आहे यापेक्षा तिथे रात्री कोण असते, हे आधी विचारा. एखादा माणूस तिथे मुक्कामाला असतो का, वादळ आले तर तो भित्र्या कुत्र्याला आतल्या खोलीत हलवतो का, की रात्रभर फक्त कॅमेरा चालू असतो? डॉक्टरांनी भीतीवर औषध सुचवले, बहुधा ट्रॅझोडोन सुचवतील, तर ते आधी घरी आपल्या नजरेसमोर एकदा देऊन पाहा, कारण काही कुत्री त्याने शांत होण्याऐवजी बेचैन होतात.

आणि बरोबर न्यायचेच ठरले तर वाटेत जेवायला थांबाल तेव्हा त्याला पाच मिनिटांसाठीही गाडीत एकटे सोडू नका. बाहेर 80 अंश फॅरनहाइट असले तर बंद गाडीत दहा मिनिटांत 99 आणि वीस मिनिटांत 109 अंश होतात, आणि जुलैत आमच्याकडे बाहेरच 90 च्या पुढे असते. तळ्यांच्या काठाने त्याला फिरवू नका, पाणी कितीही शांत दिसले तरी इथे मगरी असतात.

राणीचे बाबा, न्यू जर्सी

टांपावासी यांनी रात्रीच्या माणसाबद्दल जे लिहिले आहे, ते कृपया हलक्याने घेऊ नका.

आमची राणी नऊ वर्षांची पॉमेरेनियन होती. ऑर्लँडोच्या सहलीसाठी आम्ही तिला घराजवळच्या एका केनेलमध्ये ठेवले. केनेलचे नाव इथे देत नाही. दिवसा आम्ही ते पाहून आलो होतो. जागा झाडलोट केलेली होती, मुली प्रेमाने बोलत होत्या आणि भिंतीवर कुत्र्यांचे फोटो होते. रात्री आठनंतर तिथे कुणीच नसते, हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. तिसऱ्या रात्री मोठे वादळ झाले. सकाळी सात वाजता आम्ही पार्कात शिरायच्या रांगेत उभे असताना फोन आला. राणीने रात्रभर जाळीचा दरवाजा खरवडला होता, पुढच्या दोन्ही पायांची मिळून चार नखे मुळापासून तुटली होती आणि खालची चादर रक्ताने भिजली होती. त्याच दिवशी विमानाने परत आलो. दवाखान्यात तिला माझ्या हातात दिले तेव्हा दोन्ही पायांना निळ्या पट्ट्या बांधलेल्या होत्या, आणि तिने माझ्याकडे न पाहता तोंड माझ्या काखेत खुपसले.

ती त्यातून बरी झाली आणि पुढे तीन वर्षे जगली. पण त्यानंतर दरवाजा बंद असलेल्या खोलीत ती कधीही झोपली नाही.

नीलाताई, जिथे ठेवाल तिथे आधी एक रात्र ठेवून पाहा, आणि ती रात्र आपण गावातच असतानाची असू द्या, म्हणजे फोन आला तर वीस मिनिटांत पोचता येईल. पहिलीच रात्र आणि मध्ये साडेचारशे मैल, असे करू नका. आमचे तेवढेच चुकले आणि ते अजून मनातून जात नाही.

नीला, अटलांटा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. राणीबद्दल वाचून आई बराच वेळ बोलली नाही. मग तिनेच सांगितले की त्याला अटलांटातच ठेवा, पण जागा मी पाहीन.

गेल्या तीन आठवड्यांत आम्ही तीन केनेल पाहिले. पहिल्या दोन ठिकाणी रात्री कुणी नसते असे विचारल्यावर कळले. तिसरे थोडे लांब आहे आणि महागही आहे, पण तिथे एक बाई रात्रभर मुक्कामाला असते. आईने तिला इंग्रजी-हिंदी मिसळून खंड्याच्या टबामागच्या सांदीबद्दल हातवारे करून सांगितले, तेव्हा तिने आम्हाला आत नेऊन कपडे धुण्याच्या यंत्रामागची अरुंद जागा दाखवली आणि घाबरलेली कुत्री आपण तिथे बसू देतो असे सांगितले. आईने तिथेच होकार दिला.

मागच्या शुक्रवारी चाचणी म्हणून खंड्याला एक रात्र ठेवले. रात्री तो काहीच जेवला नाही. पहाटे पाऊस आला, तेव्हा तो त्या यंत्रामागे जाऊन बसला आणि उजाडल्यावर आपणहून बाहेर येऊन त्याने दहीभात संपवला. सहलीआधी अजून एकदा, सलग दोन रात्री ठेवणार आहोत. फ्लूच्या लसीचा पहिला डोस झाला आहे आणि दुसरा येत्या मंगळवारी आहे. युनिव्हर्सलचा दिवस आम्ही रद्द केला, म्हणजे एक रात्र कमी होईल.

खंड्याच्या पिशवीत खाण्याची पाकिटे, लसींचे कागद आणि आमच्या डॉक्टरांचा फोन क्रमांक ठेवला आहे. त्या सगळ्यावर आईने आपल्या जुन्या सुती पातळाचा एक तुकडा, मुद्दाम न धुता, घडी करून ठेवला आहे.