डिलिव्हरी व्हॅन: गाड्या सेम, मग ॲव्हरेजमध्ये एवढा फरक का?

प्रश्न:
दोन डिझेल व्हॅन आहेत, एकाच मॉडेलच्या, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. एक 14 चं ॲव्हरेज देते, दुसरी 10-11 च्या वर जायचं नावच घेत नाही. ड्रायव्हर म्हणतो इंजिनात दम नाही, मेकॅनिक म्हणतो इंजिन ओके, ड्रायव्हरच रेस मारतो. माल साधारण सारखाच, फक्त ही दुसरी शहरातल्या शहरात फिरते आणि पार्सलं जास्त. एवढ्याने एवढा फरक पडतो का राव? इंजेक्टर काढून चेक करू का?

पाचवा_गिअर:
इंजेक्टरला अजिबात हात लावू नका. मालासकट अडीच टनाची गाडी 40 च्या स्पीडवरून ब्रेक मारून थांबवली की ती पळवायला लावलेली सगळी ताकद ब्रेक गरम करण्यात गेली, परत तेवढा स्पीड घ्यायला ढोबळमानाने 15 मिली डिझेल लागतं, म्हणजे शंभर स्टॉपला दीड लिटर नुसतं थांबण्या-निघण्यात. हायवेवर हे नसतं, तिथे हवा नडते, स्पीड दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट, त्यामुळे वर कॅरिअर असेल तर रिकामं असलं तरी काढून ठेवा.

डिझेलवाला:
पार्सल द्यायला उतरताना गाडी चालू ठेवतो का ते आधी विचारा. उभ्या गाडीत इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं, एसी असेल तर अजून. परत स्टार्टला जास्त डिझेल लागतं असं बरेच ड्रायव्हर मानतात, गरम इंजिनाला तसं काही नसतं.

प्रश्नकर्ता:
विचारलं त्याला. म्हणे सेल्फ कधी कधी उचलत नाही, म्हणून दुपारपर्यंत गाडी बंदच करत नाही 😐 हे आजवर बोलला नाही पठ्ठ्या.

पाचवा_गिअर:
मग काय, सापडलं की! बॅटरी लोड टेस्ट करून घ्या, टर्मिनलवर पांढरं साचलं असेल तर साफ करा, अर्थिंगची वायर पण बघा.

गॅरेजकर:
बॅटरी कराच, पण अजून दोन गोष्टी. फेरी मारून आल्यावर चारही रिमजवळ हात नेऊन बघा (लावू नका, भाजेल), एकच चाक जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक धरून राहतोय. आणि बराच वेळ चालवूनही टेम्परेचरचा काटा खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, इंजिन थंडच चालतं आणि डिझेल जास्त खातं. हवा आठवड्याला चेक करा, टायर थंड असताना, लोडप्रमाणे किती भरायची ते दाराजवळच्या स्टिकरवर असतं. ॲव्हरेज मीटरवर बघू नका, तो बऱ्याचदा जास्तच दाखवतो, टाकी फुल टू फुल काढा, शक्यतो त्याच पंपावर. एवढं करूनही 11 च आलं तर ड्रायव्हर तेच ठेवून गाड्यांची अदलाबदल करा, आकडा गाडीबरोबर जातो की रूटवरच राहतो ते कळेल.